एमजीबीची क्लच लाइन बदलताना: होज, पाइप आणि अडकलेली हवा

एमजीबी ही १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली दोन आसनी स्पोर्ट्स कार. पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या, त्यातल्या बऱ्याच अमेरिकेला गेल्या, आणि आजही ब्रिटन-अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांत ती अगदी वरच्या क्रमांकावर आहे. तिचे १७९८ सीसीचे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजमधले, म्हणजे आपल्या ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचे सख्खे भावंड. ॲम्बॅसेडरवर हात काळे केलेल्या माणसाला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर परके वाटत नाही, आणि त्याच्या पेटीतले इंची पाने इथे उपयोगी पडतात.

पुढची माहिती चार सिलिंडरच्या एमजीबी आणि एमजीबी जीटीसाठी आहे. मूळ क्लच हायड्रॉलिक यंत्रणा शाबूत आहे आणि गिअरबॉक्स खाली न उतरवता फक्त लाइन, म्हणजे पेडलचा दाब फ्लुइडमधून क्लचकडे नेणारा पाइप आणि होज, बदलायची आहे, असे गृहीत धरले आहे.

यंत्रणा कशी चालते

पेडलच्या वर, बल्कहेडला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला) लागून क्लचचा मास्टर सिलिंडर असतो; पेडल दाबले की तो फ्लुइड पुढे ढकलतो. त्याची टाकी त्याच्याच अंगाची, ब्रेकपासून वेगळी. तिथून धातूचा पाइप निघतो, तो बॉडीवरच्या एका ब्रॅकेटपाशी येऊन रबरी होजला जोडला जातो. होजचे दुसरे टोक स्लेव्ह सिलिंडरमध्ये आट्यांनी बसते. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या आवरणाला, म्हणजे बेलहाउसिंगला, उजव्या बाजूने दोन बोल्टांनी लावलेला असतो आणि त्याचा पुशरॉड क्लच सोडवणाऱ्या फोर्कला क्लेव्हिस पिनने (आरपार घालायच्या खिळीने) जोडलेला असतो. इंजिन रबरी माउंटवर हलते, बॉडी हलत नाही. या दोघांमधला झोल होज सहन करतो, म्हणून सगळ्या लाइनमध्ये आधी थकतो तो होजच.

मास्टरचा बोअर, म्हणजे आतल्या पोकळीचा व्यास, ३/४ इंच आणि स्लेव्हचा सव्वा इंच. क्षेत्रफळाचे प्रमाण काढले तर साधारण २.८ येते. म्हणजे स्लेव्हचा रॉड १ मिलिमीटर सरकवायला मास्टरचा पिस्टन २.८ मिलिमीटर जावा लागतो. चांगल्या स्थितीतल्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबल्यावर स्लेव्हचा रॉड सुमारे अर्धा इंच, म्हणजे १२ ते १३ मिलिमीटर सरकतो. हा आकडा लक्षात ठेवा. काम बरोबर झाले की नाही याचा निकाल पेडल पायाला कसे लागते यावर लावायचा नाही, या आकड्यावर लावायचा.

दोष खरोखर लाइनमध्येच आहे का?

पेडल तळाला टेकवूनही गाडी पुढे सरकू पाहते, रिव्हर्स टाकताना दात कडकडतात, टाकीतली पातळी उतरते: ही लक्षणे होजची असू शकतात, मास्टरची, स्लेव्हची, किंवा निव्वळ झिजलेल्या पिनांचीही. इंजिन आयडलवर ठेवा, पेडल पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचा वेग जुळवून घेणारा भाग) नसतो, त्यामुळे क्लच नीट सुटत नसेल तर तो लगेच बोलतो. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरलाही सिंक्रो नाही. चालत्या गाडीत पहिला टाकताना होणाऱ्या कडकडाटाचा दोष तिथे क्लचला देऊ नका.

नंतर गळती शोधा. मास्टर बाहेर गळत असेल तर केबिनमध्ये पेडलच्या दांड्यावरून ओघळ दिसतो आणि पेडल बॉक्सच्या आसपासचा रंग फुगून सुटलेला असतो. स्लेव्ह गळत असेल तर त्याच्या टोकाची रबरी टोपी हलकेच मागे सारा. आत ओल असेल तर सील गेले. मास्टर आतल्या आत गळत असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, पण पेडल दाबून धरले की ते सावकाश तळाकडे बुडत जाते.

होज बाहेरून फुटला, तडकला, टोकाच्या धातूपाशी ओला झाला तर प्रश्नच नाही. चकवतो तो आतून सुटलेला होज. रबराचा आतला थर सोलवटून वाटेत झडपेसारखा लोंबतो. पायाच्या जोराने फ्लुइड स्लेव्हकडे जाते, पण परत येताना अडते. मग पेडल सोडल्यावरही क्लच उशिरा धरतो किंवा घसरत राहतो, आणि माणूस क्लच प्लेट संपली असे समजून इंजिन उतरवण्याची तयारी करतो. त्याआधी ही तपासणी करा. पेडल दोन-तीनदा दाबून सोडा. रॉड बाहेरच अडकलेला दिसला तर होजच्या वरच्या टोकाचा पाइपचा नट किंचित सैल करा. रॉड मागे आला तर होज मोकळा आहे आणि दाब मास्टर धरून ठेवतो आहे. बहुधा पेडल पूर्ण वर येत नाही किंवा मास्टरमधले परतीचे बारीक भोक बुजले आहे. रॉड जागचा हलला नाही, आणि मग स्लेव्हचा ब्लीड निपल (हवा काढायचा पोकळ स्क्रू) उघडताच झटकन मागे गेला, तर होज आतून बंद आहे. दुसऱ्या कुठल्याही पुराव्याची गरज नाही.

काही उघडण्यापूर्वी एक मोजमाप घ्या. एकाने पेडल पूर्ण दाबायचे, दुसऱ्याने खालून रॉडचा सरकाव पट्टीने मोजायचा. आकडा लिहून ठेवा.

काय आणायचे

नवा होज एक. होज आणि स्लेव्ह यांच्यामध्ये बसणारा तांब्याचा वॉशर. एकच लागतो, पण दोन घ्या. ब्रॅकेटपाशी लागणारा दातेरी वॉशर. क्लेव्हिस पिना दोन (५/१६ इंच व्यासाच्या, एक पेडलची, एक फोर्कची) आणि त्यांच्या स्प्लिट पिना. डॉट ४ फ्लुइडची न उघडलेली अर्धा लिटरची बाटली. ब्रेकच्या मदतीने हवा काढणार असाल तर एक लिटर. निपलवर घट्ट बसेल अशी एक मीटर पारदर्शक नळी आणि १०० मिलिलिटरची मोठी सिरिंज.

आपल्याकडे या फ्लुइडला सर्रास ब्रेक ऑइल म्हणतात. बाटलीवर डॉट ४ लिहिलेले आहे याची खात्री करूनच घ्या. इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल चमचाभर जरी या यंत्रणेत गेले तरी रबरी सील फुगतात, आणि मग होजच नव्हे तर मास्टर-स्लेव्ह दोन्हीची सगळी रबरे बदलावी लागतात. डॉट ५ हे सिलिकॉनचे फ्लुइड. ते रंग खात नाही म्हणून काही मालक वापरतात, पण ते डॉट ४ मध्ये मिसळत नाही. आधी गाडीत कोणते आहे ते जाणून घ्या आणि तेच चालू ठेवा.

स्टीलची जाळी गुंडाळलेला होज घ्यावा का? क्लचमध्ये ब्रेकइतका दाब येत नाही, त्यामुळे चांगला रबरी होजही जाणवण्याइतका फुगत नाही आणि पेडल फारसे बदलणार नाही. पण बी-सिरीज इंजिन मागच्या बाजूने तेल गाळण्यासाठी कुख्यात आहे, आणि ते तेल नेमके या भागावर येते. आतून टेफ्लॉन असलेल्या जाळीदार होजला त्याचा त्रास होत नाही. वरून प्लॅस्टिकचे वेष्टण असलेलाच घ्या, कारण उघडी जाळी ज्या पाइपला घासते त्याला कानशीसारखी कापत जाते. रबरी घेतला तर त्यावर छापलेली उत्पादनाची तारीख वाचा. वर्षानुवर्षे दुकानाच्या फळीवर पडलेला होज नवा नसतो.

स्लेव्हबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: तो किती जुना आहे हे ठाऊक नसेल तर याच वेळी बदला किंवा निदान सील बदला. होज काढायला स्लेव्ह हाताळावाच लागतो आणि त्यात पिस्टन तळापर्यंत मागे ढकलला जातो. बोअरच्या त्या भागात पिस्टन कित्येक वर्षे गेलेलाच नसतो, तिथे गंजाचे खड्डे असतात. सीलची धार त्यावरून घासली की आठवड्याभरात नवी गळती सुरू होते आणि दोष नव्या होजवर जातो.

पाने इंची मापाचे: ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ११/१६. मेट्रिक पाना जवळपास बसतो असे वाटून वापरला की पाइपच्या मऊ नटाचे कोपरे गेलेच म्हणून समजा. पाइपच्या नटासाठी फ्लेअर नट पाना हवा, म्हणजे पाइप आत जाण्यापुरती खाच असलेला रिंग पाना. तो नटाच्या पाच बाजू धरतो. साधा उघडा पाना दोनच.

तयारी

आदल्या दिवशी पाइपचा नट, ब्रॅकेटवरचा नट आणि स्लेव्हचे दोन बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारा. रात्रभर मुरू द्या. ब्लीड निपल उघडतो का हेही आदल्या दिवशीच बघा. तो अडकलेला असेल, तुटणार असेल, तर नवा स्लेव्ह हाताशी असताना तुटू दे. रविवारी संध्याकाळी नको.

बॅटरीची अर्थची वायर काढा. स्टार्टर मोटर याच उजव्या बाजूला आहे, तिच्या जाड केबलला कायम करंट असतो, आणि पाना तिथे टेकून बॉडीला लागला की ठिणगी पडते. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत अर्थ पॉझिटिव्हला आहे, म्हणजे त्या गाड्यांत आधी सोडवायची ती पॉझिटिव्ह वायर. बॅटरीकडे जाताना हे विसरू नका. बॅटरी सीटच्या मागे आहे.

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा, पुढचा भाग जॅकने उचला आणि चेसिसच्या भक्कम भागाखाली दोन स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण तोंड वर करून काम करताना फ्लुइडचा पहिला थेंब डोळ्यातच येतो. फोर्कभोवतीच्या रबरी आवरणापाशी साठलेली काळी धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या क्लच प्लेटांत ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

विंग आणि पेडल बॉक्सवर जुन्या चादरी पसरा, जवळ पाण्याची बादली ठेवा. डॉट ४ रंगावर सांडले तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ते पाण्यात विरघळते. कोरड्या फडक्याने पुसले तर रंगावर आणखी पसरते.

होज काढणे

इथे क्रमच सगळे आहे. होजचे खालचे टोक स्लेव्हमध्ये आट्यांनी बसलेले, त्यामुळे ते काढायला अख्खा होज फिरवावा लागतो. आणि वरचे टोक मोकळे असल्याशिवाय तो फिरणार नाही. खालून सुरुवात करणारा माणूस होजला पीळ घालतो, पीळ वर पाइपपर्यंत जातो आणि पाइप नटापाशी मुरगळून तुटतो.

१. टाकीतले फ्लुइड सिरिंजने काढून घ्या. टाकीचे झाकण प्लॅस्टिकच्या पातळ कागदावर घट्ट लावा, म्हणजे उरलेले थेंब कमी गळतील.

२. ब्रॅकेटपाशी होजच्या षटकोनी भागावर एक पाना घट्ट धरा. तो धरलेला हात हलू द्यायचा नाही. दुसऱ्या हाताने फ्लेअर नट पान्याने पाइपचा नट सोडवा. नट फिरताना पाइपकडे बघा. पाइपही सोबत फिरत असेल तर थांबा; नट पाइपला गंजाने चिकटला आहे. पुन्हा तेल मारा, नट थोडा पुढे-मागे खेळवा. तरीही सुटत नसेल तर पाइप नटाच्या पाठीमागे कापून टाका आणि नवा पाइप घाला. मुरगळलेला पाइप सरळ करून परत वापरण्याचा विचारही नको.

३. होजचा षटकोन तसाच धरून ब्रॅकेटवरचा नट आणि दातेरी वॉशर काढा. होज ब्रॅकेटमधून बाहेर येईल.

४. आता होज फिरवत स्लेव्हमधून काढा. हात पुरत नसेल तर स्लेव्हचे दोन्ही बोल्ट काढा, तो पुशरॉडवरून सरकवून बाहेर घ्या. रॉड आणि रबरी टोपी फोर्कपाशीच राहू दे. स्लेव्ह बाहेर असताना क्लच पेडलला कोणाचाही पाय लागता कामा नये, कारण पुढे अडवायला काही नसल्याने पिस्टन फेकला जातो. पेडलला दोरीने चिठ्ठी बांधा, विशेषतः मदतीला दुसरे कोणी असेल तर.

५. स्लेव्हच्या तोंडात टॉर्चच्या उजेडात बघा. तांब्याचा जुना वॉशर बहुतेक वेळा तिथेच चिकटून राहतो. तो न काढता नवा वर ठेवला की जोड कितीही आवळा, झिरपतच राहतो. फार छळणारी चूक आहे ही, कारण बाहेरून काहीच चुकलेले दिसत नाही.

धातूचा पाइपही बदलायचा असेल तर

मूळ पाइप स्टीलचा आहे. त्यावर नखाने ओरबाडल्यावर गंजाची पापुद्री निघत असेल, क्लिपखाली खड्डे पडले असतील, किंवा वर सांगितल्याप्रमाणे मुरगळला असेल, तर होजबरोबर तोही बदला. एवीतेवी हवा एकदाच काढायची आहे.

धातू कुप्रोनिकेल निवडा, म्हणजे तांब्यात सुमारे दहा टक्के निकेल. तो गंजत नाही, हाताने वाकतो आणि शुद्ध तांब्यासारखा कंपनाने कडक होऊन तडकण्याची भीती त्याला कमी. तयार टोकांचा पाइप मिळतो, तोच घेणे शहाणपणाचे. स्वतः टोके करणार असाल तर जुन्या पाइपची दोन्ही टोके बघून तोच आकार करा. एका प्रकारात टोक बाहेरून फुगीर असते, दुसऱ्यात आतल्या बाजूला दुमडलेले. चुकीचा आकार आवळल्यावर बसल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली गळतो. आणि टोक करण्यापूर्वी नट पाइपवर ओवून घ्या.

जुना पाइप अख्खा बाहेर काढा, वर्कबेंचवर ठेवा आणि नवा त्याच्यावरून वाकवा. अरुंद वळणे गोल सॉकेटभोवती सावकाश. पाइप चेपला तर तो तुकडा टाकून द्या. आतून हवा फुंकून कापताना पडलेला चुरा काढा. एक कण मास्टरच्या सीलखाली गेला तरी पुरे होतो.

उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर आणि स्लेव्ह एकाच बाजूला आहेत, त्यामुळे पाइप आखूड आहे. पण स्टिअरिंगचा दांडाही तिथेच फिरतो, त्यापासून बोटभर अंतर हवे. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत, म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक गाड्यांत, पाइप बल्कहेडवरून आडवा उजवीकडे येतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड डावीकडे आहे. त्या बाजूला पाइप उष्णतेपासून दूर ठेवा. मूळ क्लिपा सगळ्या परत लावा. कुठल्याही बाजूचे स्टिअरिंग असो, पाइपला गरजेपेक्षा वर जाणारा उंचवटा देऊ नका. हवा नेमकी तिथे जाऊन बसते.

नवा होज बसवणे

आता उलट क्रम: आधी खाली, मग वर. नवा तांब्याचा वॉशर होजच्या टोकावर घालून तो स्लेव्हमध्ये हाताने फिरवा. चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. सुरुवातीलाच पाना लागत असेल तर आटे तिरके बसताहेत, मागे घ्या. मग पान्याने आवळा, तांबे दबल्याचे हाताला कळेपर्यंत. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी किंवा सीलंट लावायचे नाही. हा जोड आट्यांवर नव्हे, वॉशरवर बंद होतो. पट्टीचे तंतू मात्र आत जाऊन मास्टरमधले बारीक भोक बुजवतात.

स्लेव्ह पुशरॉडवर सरकवा, दोन्ही बोल्ट स्प्रिंग वॉशरसह आवळा. फोर्कची क्लेव्हिस पिन जुनी असेल तर याच वेळी बदला.

होजचे वरचे टोक ब्रॅकेटमध्ये घाला आणि हात सोडून बघा. होज स्वतःहून जसा लोंबेल तशीच त्याची दिशा ठेवा. षटकोन धरून दातेरी वॉशर आणि नट आवळा. रबरी होजवर लांबीला रेघ असते. ती सरळ दिसली पाहिजे, गोल फिरलेली दिसली तर पीळ पडला आहे. शेवटी पाइपचा नट बोटांनी सुरू करा, षटकोन पुन्हा धरा आणि आवळा. स्टार्टरची केबल आणि होज यांच्यात मोकळी जागा आहे का, तेही बघून घ्या.

हवा काढणे

होज बदलणे सोपे. एमजीबीच्या क्लचमधली हवा काढणे हे खरे काम, आणि बहुतेक जण इथेच कंटाळून चुकीचे निष्कर्ष काढतात.

नेहमीची पद्धत म्हणजे एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने निपल उघडायचा आणि पेडल सोडण्यापूर्वी बंद करायचा. ब्रेकला ती चालते. इथे पेडलच्या एका दाबात जेमतेम १० मिलिलिटर फ्लुइड ढकलले जाते. पाइपच्या उंच भागात बसलेला बुडबुडा तेवढ्याने खाली सरकतो, पण होज ओलांडून निपलपर्यंत पोचत नाही, आणि पेडल वर येईपर्यंत पुन्हा चढून आपल्या जागी बसतो. पन्नास वेळा केले तरी तेच. हवेला वर जायचे असते, आपण तिला खाली ढकलत असतो. म्हणून एमजीबीत फ्लुइड खालून भरायचे.

सिरिंजची पद्धत अशी. टाकी जवळपास रिकामी ठेवा, झाकण काढा, भोवती फडकी लावा. सिरिंज आणि पारदर्शक नळी ताज्या फ्लुइडने पूर्ण भरा. नळीत एकही बुडबुडा नको. नळी स्लेव्हच्या निपलवर चढवा, निपल पाऊण फेरा उघडा आणि सावकाश दाबा. पेडल पूर्ण वर असले पाहिजे, नाहीतर मास्टरमधले परतीचे भोक बंद राहते. वर टाकीत आधी बुडबुडे येतील, मग शांतपणे पातळी चढेल. टाकी भरत आली की थांबा, निपल बंद करा, वरचे फ्लुइड काढून घ्या आणि पुन्हा एकदा करा. निपलच्या आट्यांभोवतून थोडे झिरपेल, ते चालते.

मदतीला कोणी असेल तर एमजीबीवाल्यांची जुनी युक्ती याहून सोपी पडते. पुढच्या उजव्या ब्रेक कॅलिपरच्या निपलवर नळीचे एक टोक लावा, कॅलिपरचा निपल उघडून ब्रेक पेडल हळू दाबत नळी फ्लुइडने भरून घ्या, मग दुसरे टोक स्लेव्हच्या निपलवर चढवा. दोन्ही निपल उघडा. मदतनीसाने ब्रेक पेडल सावकाश दाबायचे, तळाशी धरून ठेवायचे. तुम्ही कॅलिपरचा निपल बंद केल्यावरच सोडायचे. पुन्हा उघडा, पुन्हा दाबा. क्लचची टाकी भरत जाईल, ब्रेकची रिकामी होत जाईल. दोन्हींवर नजर ठेवा. ब्रेकच्या टाकीने तळ गाठला तर ब्रेकमध्ये हवा जाते आणि एका कामाची दोन कामे होतात. ब्रेकचे फ्लुइड काळपट असेल तर ही युक्ती वापरू नका, तो गाळ क्लचमध्ये जाईल. शेवटी कॅलिपरचा निपल आवळला आहे ना, ब्रेक पेडल घट्ट आहे ना, हे गाडी हलवण्यापूर्वी तपासा.

तरीही पेडल मऊ लागले तर स्लेव्ह बोल्ट काढून बाहेर घ्या, पिस्टन लाकडी तुकड्याने तळापर्यंत दाबून शिकंजाने धरा, निपल सगळ्यात वर येईल असा स्लेव्ह तिरका करा आणि त्या स्थितीत पुन्हा खालून भरा. पिस्टन दाबलेला असला की स्लेव्हमध्ये हवेला लपायला जागाच उरत नाही.

या सगळ्यात जुन्या मास्टरचे पेडल तळापर्यंत धाडधाड हापसू नका. स्लेव्हबद्दल जे सांगितले तेच मास्टरलाही लागू आहे: रोजच्या वापरात सील जिथवर जात नाही, तिथला बोअर खडबडीत झालेला असतो.

मोजून निकाल

पातळी भरा, झाकण लावा आणि झाकणाचे बारीक हवेचे भोक मोकळे आहे का ते बघा. मदतनीसाने पेडल मिनिटभर जोराने दाबून धरावे; तुम्ही प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा. मग रॉडचा सरकाव मोजा.

१२-१३ मिलिमीटर आले तर काम झाले. ८-९ आले आणि पेडल स्पंजासारखे लागत असेल तर हवा उरली आहे. ८-९ आले पण पेडल दाब घेतल्यावर टणक लागत असेल, तर हवेच्या मागे लागू नका. चाल पिनांमध्ये हरवते आहे. पेडल आणि मास्टरचा रॉड जोडणारी क्लेव्हिस पिन झिजून मधोमध कंबर पडल्यासारखी होते आणि पेडलचे भोक लांबट होते. तिथे ३ मिलिमीटर वाया गेले की स्लेव्हपाशी १ मिलिमीटरहून जास्त कमी झाले. लांबट भोकात नवी पिन घालून अर्धाच फायदा होतो. भोक वेल्डने भरून पुन्हा ५/१६ इंचाचे पाडावे लागते, किंवा बुश बसवावा लागतो. रॉडची लांबी या गाडीत जुळवता येत नाही, त्यामुळे ही झीज दुसरीकडे कुठे भरून काढण्याची सोय नाही.

सरकाव पूर्ण असून रिव्हर्स तरीही कडकडत असेल तर दोष बेलहाउसिंगच्या आत आहे: फोर्कचा पिव्होट, कार्बनचे थ्रस्ट बेअरिंग किंवा क्लच प्लेट. लाइनकडून जेवढे होणे शक्य होते तेवढे झाले.

पहिल्या शंभरेक मैलांनंतर गाडीखाली जाऊन स्लेव्हची रबरी टोपी आणि होजची दोन्ही टोके पुन्हा बघा. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणी बंधनकारक नाही, आणि वयाने सगळ्या एमजीबी आता त्यात बसतात. म्हणजे ही नजर टाकणारे दुसरे कोणी असेलच असे नाही. फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषते आणि बोअर आतून गंजवते. टाकीतले नवे फ्लुइड महिन्याभरात काळे पडू लागले तर कुठले तरी सील झिजून त्याचा चुरा येतो आहे. ब्लीड निपलमधून थोडे काढून बघा: खालचे वरच्यापेक्षा काळे असेल तर स्लेव्ह, वरचे जास्त काळे असेल तर मास्टर.